सावरगावचं लूना पंधरा

यान नीट उतरलं तर वंदनाला भाऊ परत मिळणार होता. ठरल्या जागी आपटलं तर काहीच मिळणार नव्हतं, कारण आपटणाऱ्याला शाबासकी द्यायची रीत ना पांढुर्ण्यात आहे, ना सावरगावात. व्यवहार सरळ होता. आणि तो घेऊन भाऊ स्वतःच आला होता. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीतल्या स्टुलावर, बोटात संत्र्याच्या झाडाचा काटा मोडून घेऊन सुरेश बसला होता.

"खोल गेला काय?" वंदनानं विचारलं.

"गेला नं. म्हणून तं आलो." सुरेश भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत म्हणाला.

काटा काही खोल नव्हता. सुरेशच्या बायकोनं तो सुईच्या टोकानं भाकरी भाजता भाजता काढला असता. शिवाय घराजवळचा पांढुर्ण्याचा दवाखाना सोडून काट्यासाठी सौंसर गाठणारा माणूस काट्यासाठी आलेला नसतो, हे कळायला नर्स असायची गरज नाही. पण वंदना नर्स होती, आणि थोरली बहीणही होती. जो भाऊ गोटमारीच्या त्या वर्षापासून दारात आला नव्हता, तो काट्याचं निमित्त करून आला असेल, तर काटा खोल आहे असंच म्हणावं लागतं. ऑपरेशनला उभं राहिल्यासारखा चेहरा करून तिनं त्याचं बोट हातात घेतलं.

त्या वर्षाची भानगड अशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर इकडून तिकडे दगड. झेंडा तोडून नेला तो जिंकला. वंदना सावरगावची लेक, पांढुर्ण्याची सून, आणि त्या दिवशी नदीकाठच्या कॅम्पात ड्युटीवर. तिची सुई कोणत्या काठाचं डोकं आहे ते विचारत नसे. त्या वर्षी सुरेश कपाळ फोडून घेऊन आला. तिनं टाके घातले. तो पुन्हा नदीत उतरायला निघाला, तेव्हा "बीपी पाहायचा आहे, दोन मिनिटं अँब्युलन्समध्ये बस" असं म्हणून तिनं त्याला आत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. तो आतून पत्रा बडवत राहिला. तेवढ्यात पांढुर्ण्यानं झेंडा नेला.

सुरेश नदीत असता तर झेंडा गेला नसता, असं सावरगावात तेव्हापासून मानलं जातं. असं मानलं जाण्यात सुरेशचा स्वतःचा हातभार मोठा होता. बहिणीनं गावाला हरवलं, असं एकदा चारचौघांत बोलून झाल्यावर भाऊबीजेला तिच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून तो गेला नाही. मग दुसऱ्या वर्षीही गेला नाही. न जाण्याचीसुद्धा माणसाला सवय लागते.

"ताई, उद्याच्या थ्या चंद्राच्या खेळात तू रशियाकडून आहे म्हणे," तो आता म्हणाला.

"कोण म्हणते?"

"सारं गाव म्हणून राहिलं. रघुनाथरावचा गौतम, थो अमेरिका. पांढुर्ण्याचा. अन् तू रशिया. आपल्याकडून."

"मी पांढुर्ण्याची सून आहे नं रे."

"सून अशीन. पोरगी तं आमचीच आहे."

हे वाक्य ऐकायला वंदनानं किती दिवाळ्या वाट पाहिली होती, ते तिचं तिला माहीत. तिनं चिमटा जरा जास्तच जोरानं धरला.

"आई गं! हळू! टेम्पो सांगितला म्या. डफडं घेऊन येऊन राहिलो सारे."

"डफडं कायले? विज्ञानाचा कार्यक्रम आहे थो."

"मग? विज्ञानवाल्यांले डफडं चालत नाही काय?"

"सुरेश, ऐक. थे यान खऱ्यातलं पडलं होतं. अमेरिकेचे माणसं चंद्रावर होते, तवाच पडलं."

"खऱ्यातलं पडलं, तवा तू नव्हती नं चालवाले." सुरेशनं हे अगदी सहज म्हटलं. "तू उतरव. बस. उतरवलं नं, तं या भाऊबीजेले मी सकाळीच तुझ्या दारात. आईलेही घेऊन येतो. थे तुझ्या घराकडे तोंड करून बसली राहते आजकाल."

काटा निघाला. वंदनानं तो कापसावर ठेवून त्याला दाखवला, म्हणजे आल्याचं सार्थक व्हावं.

"पाहीन," ती म्हणाली.

नर्स 'पाहीन' म्हणाली की रोगी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावतो. सुरेशनंही लावला.

रॉकेटचं हे खूळ वंदनाच्या घरात शिरलं तिच्या मुलामुळे, आणि मुलगा गेला तरी ते राहिलं. वैभवला पुण्यात नोकरी लागली. त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना, टेबल अडवून बसलेला कॉम्प्युटर मागे ठेवला. पोरगं परगावी गेलं की कोणी बाई उपास वाढवते, कोणी शेजारणींकडची ये-जा वाढवते. वंदना धूळ पुसायला म्हणून वैभवच्या खुर्चीत बसली आणि त्यानं ठेवलेला तो खेळ उघडून पाहिला. खेळात रॉकेट बांधायचं, उडवायचं, पृथ्वीभोवती फिरवायचं, जमलं तर चंद्रावर न्यायचं. बंदुका नाहीत, गुण नाहीत, कोणी टाळ्या वाजवत नाही. चुकलं की पडतं, एवढंच.

पहिली कितीतरी रॉकेटं उडाली तशीच खाली आली. सासूबाई लीलाबाई दाराच्या चौकटीला टेकून पाहत. "मी न्हाणीत घसरली होती तं तू इतकी धावली नव्हती," त्या म्हणत. "त्या नळकांड्यासाठी कुकर करपवला."

पण वंदनाला एक खोड होती, आणि ती दवाखान्यातून आलेली होती. आधीच्या सिस्टरनं सुई कशी लावली, पट्टी कशी बांधली, हे पाहिल्याशिवाय ती रोग्याला हात लावत नसे. इथंही तिनं मनची रॉकेटं सोडून दिली आणि जी पूर्वी खरोखर उडाली होती तीच उडवायचं ठरवलं. रशियाचा पहिला उपग्रह. पहिला माणूस. अमेरिकेची दोन यानं आकाशात एकमेकांना जोडलेली. रशियानं आकाशात पाठवलेल्या कुत्रीचं उड्डाण तिनं बरेच दिवस टाळलं, कारण ती कुत्री परत आली नव्हती. वैभव फोनवर म्हणाला, "आई, खेळ आहे, परत आण तिला." वंदनानं विचार केला आणि एके दिवशी ड्युटीहून आल्यावर ते उड्डाण केलं, जसं झालं होतं तसं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. "खरं झालं होतं, तं करा लागते," एवढंच तिनं लीलाबाईंना सांगितलं. कुत्री कोणाची, हे लीलाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

हिमानी मॅडम या धंद्यात आल्या त्या धनुर्वाताच्या इंजेक्शनामुळे. सौंसरच्या एका खासगी शाळेत त्या विज्ञान शिकवत. पत्रा लागला म्हणून दवाखान्यात आल्या आणि टेबलावर पडलेल्या सिस्टरच्या मोबाईलवरचं चित्र पाहून म्हणाल्या, "हे कोणतं देवस्थान?"

"चंद्राची मागची बाजू," वंदना म्हणाली. "हात सैल सोडा."

मॅडमनी हात सैल सोडला आणि वंदनाला मात्र सोडलं नाही. त्यांनी जुलैमध्ये मुलांसाठी अंतराळ सप्ताह आखला. रशिया-अमेरिकेच्या शर्यतीतली एकेक मोहीम, पडद्यावर, कोणीतरी हातानं उडवून दाखवायची. नियम एकच, जसं झालं तसं. शेवटच्या रविवारी, माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या दोन दिवसांचा खेळ. डाव्या पडद्यावर माणसं घेऊन उतरलेलं अमेरिकेचं ईगल, उजव्या पडद्यावर रशियाचं बिनमाणसांचं लूना पंधरा.

ईगल आपल्याला मिळावं असं वंदनाला वाटत होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे ते मिळालं नाही, असंही म्हणता येणार नाही. कार्यक्रमाला जागा लागत होती. संत्र्याचे व्यापारी रघुनाथराव यांनी सौंसरमधलं आपलं लग्नाचं लॉन फुकट दिलं. रघुनाथरावांच्या गौतमला तोच खेळ येत होता. ईगल गौतमकडे गेलं. फुकट लॉनचं भाडं असं वसूल होतं, आणि त्यात कोणाची लबाडी नसते. गौतम पोरगा चांगला होता. ईगल उतरवायला तो वंदनाकडेच शिकला होता, तिच्या घरी, लीलाबाईंच्या हातचा चहा पीत. "मावशी, तुम्हीच करा नं ईगल," असंही तो एकदा म्हणाला. पण एकदाच म्हणाला.

"ईगल कोणीही उतरवेल," हिमानी मॅडम वंदनाला म्हणाल्या. "लूना पंधरा पाडायला मला तुम्हीच पाहिजे."

वंदनाला वाटलं, मास्तरीण आहे, कडू गोळीला साखर लावून राहिली. मग तिनं सराव सुरू केला आणि साखर लावलेली नाही हे तिच्या ध्यानात आलं. इंजिन बंद करून यान खाली टाकणं कोणालाही जमतं. त्याला पाडणं म्हणत नाहीत, टाकणं म्हणतात. लूना पंधरा तसं पडलं नव्हतं. ते उतरायला गेलं होतं. चंद्राची माती उचलून अमेरिकेच्या आधी घरी आणायची, या जिद्दीनं गेलं होतं. इंजिन चालू, सगळं ठीक, आणि उतरता उतरता अचानक रेडिओवरचा त्याचा आवाज बंद झाला. संकटांचा समुद्र नावाच्या मैदानाच्या कडेला बहुधा एखादा डोंगर आडवा आला. म्हणजे वंदनानं उतरायच्या पूर्ण तयारीनं जायचं, अगदी शेवटपर्यंत उतरतच राहायचं, आणि डोंगर दिसत असताना तो न दिसल्यासारखं वागायचं.

तिला ते जमेना. हातच ऐकेना. डोंगर समोर आला की बोट आपोआप इंजिनाचा जोर वाढवी, यान उडी मारून पलीकडे जाई आणि मैदानात अलगद उतरून उभं राही. इतकी वर्षं पडणाऱ्याला सावरण्याचा पगार घेतलेले हात ते. बसली की उतरे. बसली की उतरे. ज्या दिवशी पहिल्यांदा इंजिन पेटलेलं असताना, नेमक्या त्या उतारावर, नेमक्या त्या कोनात यान आदळलं, त्या दिवशी ती खुर्चीतून उठलीच.

"जमलं!"

"काय, उतरलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही. पडलं."

"मग जमलं काय म्हणून राहिली?" लीलाबाई कुकरकडे वळल्या. "लूना गाडी तं तुझ्या सासऱ्याचीही होती. थेही अशीच पडे. थ्यानं कधी पेढे नाही वाटले."

कार्यक्रम पांढुर्ण्यात न ठेवता सौंसरमध्ये ठेवला, यात हिमानी मॅडमची अक्कल दिसत होती. पण सौंसर काही फार दूर नाही. रविवारी दुपारी शाळेची मुलं यायच्या आधीच दोन्हीकडचे टेम्पो हजर झाले. पांढुर्णेवाले डावीकडे बसले, सावरगाववाले उजवीकडे. कोणी सांगितलं नव्हतं, पण खुर्च्यांच्या मधून जाम नदी वाहायला लागली. मुलं बिचारी नदीत, सतरंजीवर.

रघुनाथराव पहिल्या रांगेत, परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत. उजवीकडे सुरेश, बोटाला पट्टी. काटा निघाल्यावर पट्टीची गरज नव्हती, पण बहिणीनं बांधलेली पट्टी आज दिसायला हवी होती.

आधी गौतम. ईगल खाली येताना समोर दगडांनी भरलेला खड्डा आला, इंधन संपत आलं, पोरगं घामाघूम झालं. शेजारच्या टेबलावरून वंदना पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "घाबरू नको. लांब घे. अजून लांब. आता सोड." गौतमनं सोडलं. धूळ उडाली, पाय टेकले. मग त्यानं खेळातला माणूस बाहेर काढला आणि झेंडा रोवला.

डावा काठ उठला. शिट्ट्या, टाळ्या. रघुनाथरावांनी मागे वळून नदीपलीकडे पाहिलं. "काय सुरेशराव! गाडला झेंडा! आता डफडं गुंडाळा!"

"गाडलेला झेंडाच तं तोडून न्यायचा असते, रघुनाथराव!" सुरेश उभा राहून म्हणाला. "नियम विसरले काय? आता येते आमचं यान!"

सावरगाव असं हसलं की पांढुर्ण्यालाही हसू आलं. लूना पंधरा चंद्रावर उतरणार, थेट ईगलपाशी जाणार आणि झेंडा घेऊन निघणार, हा सावरगावचा हिशोब होता. शेकडो वर्षांच्या सवयीचा होता, त्यामुळे त्यात चूक दिसत नव्हती.

हिमानी मॅडमनी माईक घेतला. "शांत बसा. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून फार दूर आहेत. लूना पंधरा झेंड्यासाठी नाही, मातीसाठी गेलं होतं. आणि त्या दिवशी ते यान—"

डफडं सुरू झालं. पुढचं वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही.

वंदना बसली. यान चंद्राभोवती फिरत होतं. तिनं त्याचं तोंड मागे वळवलं, इंजिन पेटवलं. वेग उतरायला लागला, उंची उतरायला लागली. डफडं थांबलं. सावरगावातली माणसं, ज्यांनी आयुष्यात इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं, खुर्चीच्या काठावर येऊन बसली. पडद्यावर खाली राखी रंगाचं मैदान सरकत होतं आणि त्याच्या कडेला सुरकुत्या पडलेले डोंगर.

"आली, आली," कोणीतरी कुजबुजलं. "आपली पोरगी आली."

वंदनाच्या कानाला ते वाक्य लागलं. ते लागायला नको होतं. इंजिन बरोबर चालू होतं, कोन बरोबर होता, सगळं ठरल्याप्रमाणे होतं, आणि तिला एकदम दिसलं की पुढचं किती सोपं आहे. एक बोट. एका बोटानं जोर वाढवायचा, डोंगर खालून निघून जाईल, पलीकडे सपाट मैदान. सावरगाव तिला खांद्यावर घेईल. भाऊबीजेला सुरेश दारात, मागे आई. हिमानी मॅडमशिवाय कोणाला काही वावगं वाटणार नाही. आणि मॅडमही काय करतील, त्यांच्याही शाळेला पुढच्या वर्षी लॉन लागेलच.

"ताई, घे खाली!" सुरेश ओरडला. त्याचा आवाज फाटला.

डोंगराचा उतार मोठा होत आला. बोट जोर वाढवायला निघालं. तिनं ते बोट दुसऱ्या हातानं धरलं, लहान मुलाला सुई देताना धरतात तसं. कोन बदलू दिला नाही. जोर वाढू दिला नाही, कमीही होऊ दिला नाही. ते यान ज्यांनी सोडलं होतं, त्या कोणा लांबच्या देशातल्या माणसांनी कानांत प्राण आणून त्याचा आवाज ऐकला असेल आणि आवाज बंद झाल्यावर एकमेकांकडे पाहिलं नसेल. त्यांच्या वाट्याला जेवढं आलं, तेवढंच. त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

पडदा एकदम काळा झाला. त्यावरचे उंचीचे आणि वेगाचे आकडे जिथल्या तिथं थांबले.

हिमानी मॅडमनी जागा पाहिली. तोच उतार. त्यांनी वंदनाकडे पाहून नुसती मान हलवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

बाकी लॉनमध्ये एकच शब्द फिरला. "पडलं."

डावीकडे पुन्हा शिट्ट्या. मग गौतमनं ईगल वर उडवलं, गुच्छ झाला, फोटो झाले. रघुनाथरावांनी एका फोटोत वंदनालाही बोलावलं, मोठ्या मनानं, कडेला. "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा असंच होते," ते म्हणाले. गौतमनं खाली पाहिलं.

गर्दी ओसरली. वंदना कीबोर्डची वायर गुंडाळत होती, तेव्हा सुरेश फाटकाबाहेरच्या टपरीवरून कागदी कपात चहा घेऊन आला. कप तिच्यापुढे धरला.

"घे."

तिनं घेतला.

"जाऊ दे ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कित्येक वर्षांत नव्हता तो मऊपणा होता. "म्या पाहिलं नं. शेवटवर इंजिन चालू होतं तुझं. आखरीपर्यंत सोडलं नाही तू. साऱ्यांनी पाहिलं. थो आपला शंकर म्हणून राहिला, पोरगी लढली. हारणं-जितणं होत राहते. लढली, बस."

वंदनानं वायरची गुंडाळी खाली ठेवली.

"भाऊबीजेले येतो मी," तो म्हणाला. "हारली म्हणून येणार नाही, असं काही नाही. आईले घेऊन येतो."

सावरगावात हरलेल्याला माफी आहे, न लढलेल्याला नाही. हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. तिनं काही करायचं नव्हतं. नुसता चहा प्यायचा होता. चहा पिऊन "ये" म्हणायचं होतं.

"सुरेश," ती म्हणाली, "मी हारली नाही."

"हाव, हाव. मशीनच खराब असन."

"मशीन चांगली होती. म्या पाडलं थे. तिथंच पाडायचं होतं, तिथंच पाडलं. इंजिन चालू ठेवून, त्याच डोंगरावर. खरं यान पडलं तसं."

सुरेशला समजायला वेळ लागला. समजलं तसा त्याचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"उतरवता येत होतं?"

"डोळे मिटून."

"टेम्पोभर माणसं आणली म्या. डफडं आणलं."

"आणलं नं. मी कुठं म्हटलं होतं?"

"तू पाहीन म्हणाली होती!"

"पाहिलं."

तो दोन पावलं गेला आणि परत आला. मग खरं विचारायचं ते त्यानं विचारलं, आणि रागानं नाही, त्याला खरोखरच कळत नव्हतं म्हणून. "मग सांगितलं काऊन? मी तं येतोच म्हणत होतो. नसतं सांगितलं तं तुझं काय बिघडत होतं?"

"पांढुर्ण्यातले म्हणतीन, सिस्टरले जमलं नाही. म्हणू दे. रघुनाथराव म्हणतीन. म्हणू दे. पण तू नको म्हणू." वंदना म्हणाली. "तुझ्या बहिणीले काय येते, हे तुले तं माहीत पाहिजे नं. असं पाडणं साऱ्या जिल्ह्यात कोणाले येत नाही, सुरेश. मले येते."

सुरेशनं तिच्याकडे पाहिलं. पण अँब्युलन्सच्या आतून पत्रा बडवणारा माणूस त्याच्या तोंडावर परत आला, आणि तो वळून टेम्पोकडे निघाला.

"काय म्हणे गा ताई?" टेम्पोतून कोणीतरी विचारलं.

"काही नाही. मशीन खराब होती," सुरेश म्हणाला. "चाल, काढ गाडी."

डफडेवाल्यानं डफडं पायाखाली घेतलं. टेम्पो धूळ उडवत गेला. सुरेशनं मागे पाहिलं नाही. पण बोटाची पट्टीही त्यानं काढून फेकली नाही, एवढं वंदनाला लांबूनही दिसलं.

त्या दिवशी कोणाच्या पदरात काय पडलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याला झेंडा मिळाला. गौतमला गुच्छ मिळाला, रघुनाथरावांना फोटो. मुलांना विज्ञान मिळालं असेल, मॅडमना तशी खात्री आहे. सावरगावला घरी न्यायला एक चांगली सबब मिळाली, आणि ती अजूनही तिथं चालते. मशीन खराब होती.

वंदना रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत बसली. पाठ ताठ. समोरचा उजवा पडदा कोणी बंद केला नव्हता. त्यावर अजून तेच आकडे थांबलेले होते, जिथं थांबायला हवे होते तिथं, आणि लॉनमधल्या एवढ्या सगळ्या माणसांत ते बरोबर थांबवणारी ती एकटी होती. तिनं पडद्याकडे पाहत चहा सावकाश संपवला. गार झाला होता, पण साखर बरोबर होती. भावाच्या लक्षात होतं.

चहाचे पैसे सुरेशनं दिले होते. बाकीचं सगळं वंदनानं भरलं.